सुट्टी कापून रिकामी खुर्ची भरत नाही

डहाणूच्या किंवा तलासरीच्या तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी घटकाभर उभे राहिले तरी एक वाक्य कानावर येतेच: "यांचं बरं आहे, शनिवार-रविवार बंद, वर सणवार आहेतच." बोलणारा बहुधा उधव्याहून नाहीतर सायवनहून जीपला पैसे मोजून आलेला असतो. त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि आतून त्याला 'सोमवारी या' एवढेच उत्तर मिळालेले असते. त्याचा राग रास्त आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते या रागावर उभ्या केलेल्या सिद्धान्ताशी. सरकारी नोकर मुळात कामचुकार, त्याची सुट्टी म्हणजे जनतेच्या पैशावरची चैन, पाच दिवसांचा आठवडा मोडला आणि चार सण कमी केले की कचेऱ्या हलू लागतील, असे वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारातून आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. या दोन तालुक्यांपुरते तरी हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ज्या माणसाच्या नावाने ते मांडले जाते त्याचेच त्यात नुकसान आहे.

आधी हिशेब बघू. पाच दिवसांचा आठवडा राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, तेव्हा सरकारने आकडेही मांडले होते. तोवर कर्मचारी वर्षाला सरासरी २८८ दिवस, रोज सव्वासात तास काम करत होता, म्हणजे २०८८ तास. नव्या पद्धतीत दिवस २६४ झाले, पण रोजचे तास आठ झाले, म्हणजे २११२. कामाचे दिवस घटले आणि वर्षाचे चोवीस तास वाढले. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. यावर लोक म्हणतात की कागदावरचे तास आणि खुर्चीतले तास एक नसतात. कबूल. पण ती तक्रार हजेरीची आणि देखरेखीची आहे. पावणेदहाला न येणारा माणूस शनिवारीही पावणेदहाला येणार नाही.

दुसरी गोष्ट, ही सुट्टी मिळाली कोणाला? निर्णयातच अत्यावश्यक सेवा वगळल्या आहेत: सरकारी दवाखाने, शाळा-महाविद्यालये, पोलीस, तुरुंग, अग्निशमन, पाणीपुरवठा, सफाई. डहाणू-तलासरीतला सामान्य माणूस सरकारला भेटतो तो याच खिडक्यांवर. कासा उपजिल्हा रुग्णालयातली परिचारिका, उपकेंद्रावरची नर्सबाई, जिल्हा परिषदेचा गुरुजी, ठाण्यातला शिपाई, एसटीचा वाहक. शनिवार-रविवारच्या सुट्टीवरून ज्यांना बोल लावला जातो, त्यांतल्या कितीतरी जणांना ती सुट्टी लागूच नाही. शाळा शनिवारी सकाळी भरते. दवाखान्याला वार नसतो. आणि मुंबईची माणसे विसाव्यासाठी डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर उतरतात, त्याच दोन दिवसांत इथल्या पोलिसांचा बंदोबस्त वाढतो. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, पंधरा दिवस माणसांचा पूर लोटतो. त्या काळात पोलीस, आरोग्य आणि एसटीच्या माणसाने रजेचा अर्ज लिहायचाही नसतो.

एसटीच्या मुक्कामी गाडीकडे जरा जवळून पाहा. संध्याकाळी आगारातून निघालेली गाडी शेवटचा उतारू उतरवून आतल्या गावी थांबते. चालक-वाहक डबा खातात. वाहक रोकड मोजून पिशवीत घालतो आणि ती पिशवी उशाशी घेऊन गाडीतच, नाहीतर शाळेच्या ओसरीवर आडवा होतो. पावसाळ्यात ओसरी ओली, उन्हाळ्यात गाडीचा पत्रा रात्रभर तापलेला, डास बारा महिने. पहाटे कॉलेजची पोरे, भाजीच्या पाट्या आणि दवाखान्यात निघालेले पेशंट घेऊन तीच गाडी परत निघते. कागदोपत्री ही रात्र विश्रांतीची. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती सांगत असे. रात्री नवाला पोहोचलेली गाडी पहाटे साडेपाचला सुटली, तर ते नऊ तास कागदावरही भरत नाहीत. आणि भरले तरी, पैशांच्या पिशवीवर डोके ठेवून झोपलेला माणूस कामावर आहे की रजेवर? माझ्या मते तो कामावर आहे. घाटात ज्याच्या हातात पन्नास जिवांचे चाक असते, त्याच्या झोपेला आपण चैन म्हणत असू, तर आधी त्या गाडीत बसणाऱ्यांचा विचार करावा.

आता सुट्ट्यांची ती प्रसिद्ध बेरीज. शनिवार-रविवार १०४, सार्वजनिक सुट्ट्या चोवीसच्या आसपास, नैमित्तिक रजा आठ, अर्जित रजा तीस. झाले की १६६, म्हणजे जवळजवळ निम्मे वर्ष! ही बेरीज दरवर्षी फिरते आणि दरवर्षी तिच्यात एक गोष्ट दडवलेली असते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्त होताना तिचे पैसे मिळतात. असंख्य कर्मचारी हा साठा काठोकाठ भरूनच निवृत्त होतात. याचा अर्थ उघड आहे: दहा वर्षांची रजा त्यांनी घेतलीच नाही. काहींनी ती पैशासाठी राखली, हे मी नाकारत नाही. मुलीचे लग्न, घराचा शेवटचा हप्ता यासाठी त्या रकमेवर डोळा असतो. पण 'माणूस नाही, आत्ता रजा देता येत नाही' हा शेरा घेऊन परत आलेले अर्जही तितकेच खरे. शिक्षकाला दिवाळी-मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून इतरांइतकी अर्जित रजाच मिळत नाही, आणि त्या मे महिन्यात निवडणूक लागली की सुट्टीही जाते. पालघर लोकसभेची पोटनिवडणूक २८ मे २०१८ ला झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामे मना केली आहेत, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन दारे त्याच कलमाने उघडी ठेवली. मतदार याद्यांचे काम त्यातल्या एका दारातून वर्षभर आत येत राहते. 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत शिक्षकांना रस्त्यावर यावे लागले, ते उगाच नाही.

या सगळ्याच्या वर आता फोन आला आहे. रविवारी दुपारी ग्रुपवर तक्ता पडतो आणि खाली ठरलेली ओळ असते: माहिती आजच सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे. पाच वाजता ज्यांची माहिती आली नाही त्यांची यादी पडते. रात्री आठला ती यादी लाल रंगात येते. तलाठी, ग्रामसेवक, केंद्रप्रमुख, आरोग्यसेविका, सगळ्यांचे तेच. तलासरीच्या आतल्या पाड्यांवर रेंज मिळत नाही, मग बाई टेकाडावर जाऊन उभी राहते. या माहितीतली फार थोडी त्या दिवशी खरोखर लागणारी असते. घरी बसलेल्या माणसाचे लक्ष दर दहा मिनिटांनी खिशाकडे जात असेल, तर त्याला सुट्टी दिली असे म्हणता येत नाही. कामाच्या वेळेनंतर वरिष्ठांच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्यातले काही कायद्यात उतरलेले नाही. खरी आपत्ती आली की हीच माणसे घड्याळ बघत नाहीत, हे डहाणू-तलासरीने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, लोक घराबाहेर तंबूंत झोपू लागले. तडा गेलेल्या भिंतींचे पंचनामे करत तलाठी-ग्रामसेवक पाड्यापाड्यांवर फिरत होते. त्या रात्रींबद्दल कोणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. कुरकुर आहे ती 'निरंक' कळवण्याबद्दल.

एक आक्षेप मात्र मी वजनदार मानतो. कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत, विरार-पालघरहून येतात आणि गाडी धरण्यासाठी कचेरीतून लवकर उठतात. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यापासून ही सोय वाढली, हेही खरे. विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटर, आणि तलासरीला तर स्टेशनच नाही. डहाणू किंवा उंबरगावला उतरून पुढे रस्त्याने जायचे. म्हणजे रोज चार-साडेचार तास प्रवासात. नियम म्हणतो मुख्यालयी राहा. घरभाडे भत्ता हवा असेल तर राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा. रविवारी मुख्यालय सोडायचे तर परवानगी घ्या. गावाला ठाऊक असते की बाई राहत नाही, बाईला ठाऊक असते की गावाला ठाऊक आहे, आणि ठराव होतो. सगळ्या गावासमोर खोटे लिहायला लावणारा हा नियम मला दोन्ही बाजूंचा अपमान वाटतो. ज्याला रात्री-अपरात्री बोलावणे येते त्या डॉक्टर, नर्स, पोलिसाने जवळच राहिले पाहिजे, यात तडजोड नको. पण त्यांना छत न गळणारे, संडास-पाणी असलेले निवासस्थान आधी द्या. बाकीच्यांचे काम कचेरीच्या वेळेत मोजा. त्यांची रात्र कुठे गेली याची चौकशी सरकारने करू नये.

या प्रवासात बाईमाणसाचा विसावा कुठे उरतो, हेही विचारले पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. डहाणू लोकलच्या महिला डब्यात संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या, वह्या तपासणाऱ्या शिक्षिका दिसतात. शनिवार त्यांना मिळतच नाही आणि रविवार आठवड्याचे घर आवरण्यात जातो.

बाहेरून येणाऱ्यांबद्दल इतके बोलले जाते की इथल्याच कर्मचाऱ्यांचा विसर पडतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी घरांतून शिकून नोकरीला लागलेला तलाठी, शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेविका. बाहेरचा निदान शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसतो आणि उतरला की त्याला कोणी ओळखत नाही. इथल्याचे घर सगळ्यांना माहीत. रविवारी सकाळी त्याच्या पडवीत माणसे बसलेली असतात. कोणाच्या हातात रेशनकार्ड, कोणाचा जातीचा दाखला अडलेला, कोणाचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा मोजणीत अर्धाच बसलेला, कोणाच्या पोराचे आश्रमशाळेत नाव घालायचे. तो दुसऱ्याच खात्यात आहे हे सांगून उपयोग नसतो. तो 'सरकारात' आहे एवढेच लोकांना पुरते. शिवाय भाताची लावणी आणि कापणी त्याचीही असते. लग्नसराईत चार पाड्यांवर जावे लागते, कोणी आजारी पडले की सिल्वासा किंवा वलसाडचा दवाखाना गाठून द्यायचा तोही यानेच. मला विचाराल तर या दोन तालुक्यांत सरकारचा खरा भार हा माणूस वाहतो. त्याची रजा रोखीत वटते, पण त्याचा रविवार कोणत्याच नोंदवहीत येत नाही. दिवाळीत तारपा वाजतो तेव्हा नाचाच्या फेऱ्यात उभे राहायला त्याला एक अख्खी रात्र मोकळी मिळाली, तर ती कोणाच्या पैशावरची चैन आहे?

येथे हमखास कोसबादचा दाखला काढला जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधी सुट्ट्या मोजल्या का? नाही मोजल्या. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू झालेले ते बालशिक्षणाचे काम पुढे कोसबादच्या टेकडीवर गेले, अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे त्या दोघींनी उभे केले. पण ते त्यांनी स्वतः निवडले होते. आज काय करायचे हे त्या टेकडीवर त्या स्वतः ठरवत. तास आणि तक्ता वरून येत नव्हता. स्वेच्छेने दिलेले आयुष्य दाखवून पगारी माणसाकडून तेवढेच वसूल करणे हा त्या दोघींच्या कामाचा मान नव्हे. आणि त्यांनी शिकवले काय? मुलाला मोकळे खेळू द्या, त्या मोकळेपणातच ते वाढते. त्याच तालुक्यातली आजची अंगणवाडी सेविका मुलांना खेळवण्याऐवजी पोषण ट्रॅकरवर वजने भरत बसते. तिला पगार नाही, मानधन आहे. ती कर्मचारी नाही असे सरकार म्हणते, पण हजेरी कर्मचाऱ्यासारखी घेते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले, आणि ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविकांनी संप केला तो पन्नास दिवसांच्या वर चालला. आशा तर नावानेच स्वयंसेविका. बाळंतीण रात्री दोनला अडली की तिलाच हाक जाते.

राहिला वापीचा मुद्दा. तलासरीचा तरुण वापी, उंबरगाव, सिल्वासाच्या कारखान्यांत कंत्राटावर बारा तास राबतो, त्याला ना रजा ना निवृत्तिवेतन. मग सरकारी नोकराचे एवढे लाड का? या प्रश्नातले दुःख मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष अजिबात मान्य नाही. त्या तरुणाचे बारा तास हा अन्याय आहे, आणि अन्यायाला माप करून दुसऱ्याची विश्रांती कापली तर त्याचा एक मिनिटही कमी होणार नाही. उलट उद्या त्याला आठ तास मागताना दाखवायला उदाहरण उरणार नाही. रविवारची सुट्टी आपल्याला कोणी दान दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे भांडून ती १० जून १८९० पासून मिळवली, आणि ती गिरणीच्या फाटकापुरती राहिली नाही. संविधानाच्या ४३ व्या कलमातही राज्याने कामगाराला नुसते वेतन नव्हे, तर फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधीही मिळवून द्यावी असे सांगितले आहे. तिथे फुरसत कामाच्या शेजारीच बसवली आहे.

हे सांगायला तलासरीइतकी योग्य भूमी दुसरी नाही. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची परिषद भरली ती वेठीविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या चार रुपयांपायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी तिथे जमले होते. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर ते उठले, त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला त्यांच्यावर गोळ्या चालल्या. लढा मजुरीचा होता तसाच माझा दिवस माझा आहे, हे म्हणण्याचाही होता. पगार आणि निवृत्तिवेतन असलेल्या आजच्या कर्मचाऱ्याची बरोबरी मी त्या लग्नगड्याशी करत नाही. ती करणे त्यांच्या रक्ताचा अपमान होईल. पण ज्या मातीत माणसांनी वेळेवरचा हक्क जिवाची बाजी लावून मिळवला, तिथे कोणाचाही रविवार फुकटचा समजला जाऊ नये.

मग सोमवारी या म्हणणाऱ्या खिडकीचे काय? तिथे बहुतेक वेळा खुर्चीच भरलेली नसते. पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या पदांची भरती न्यायालयीन वादात रखडली आणि २०२४ मध्ये मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकांवर वेळ मारून नेली. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा अतिरिक्त कार्यभार असतो. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तालुक्याला बैठक. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले, त्याच्याकडचे सजे कमी झाले नाहीत. त्यात बुलेट ट्रेन, मालवाहतुकीचा समर्पित रेल्वेमार्ग, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालेले ७६ हजार कोटींचे वाढवण बंदर. रेल्वे आणि रस्ते या दोन तालुक्यांच्या जमिनीवरून गेले किंवा जात आहेत, बंदर डहाणूच्या किनाऱ्यावर. मोजणी, संयुक्त पाहणी, हरकती, मोबदल्याच्या याद्या हे सगळे त्याच मूठभर माणसांच्या माथी, ज्यांच्याकडे उधव्याचा माणूस सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला येतो. प्रकल्पाची यादी आधी जाते आणि त्या माणसाचा कागद खाली राहतो. हे शनिवारी कचेरी उघडून सुटणार नाही, कारण शनिवारी येणारा माणूसही तोच दमलेला असेल, आणि दमलेला माणूस समोरच्या वारली म्हातारीवरच ओरडतो.

लोकांची सोय हवीच असेल तर तहसील आणि पंचायत समितीत शनिवारी आळीपाळीने माणसे बसवा आणि त्यांना नेमकी बदली रजा द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावीच दाखले वाटा. मुक्कामी गाडीच्या गावात चालक-वाहकाला दार लागणारी एक खोली द्या. आपत्ती वगळता सव्वासहानंतर ग्रुपवर तक्ता टाकायला बंदी करा. यातल्या कशालाही विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि एसटीचे विभाग कार्यालय पत्र काढून हे करू शकतात.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी बंद खिडकीसमोर उभे राहाल तेव्हा शिपायाशी भांडू नका. २००५ च्या माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा: या कचेरीत मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, आणि कोणाकडे किती अतिरिक्त कार्यभार. तुमच्या दाखल्याला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिली आहे; ती टळली तर अपील करा. मिळालेले आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचा, ठराव करा, आणि तो आमदार-खासदारांच्या हातात द्या.